जखडिणीची लेक

सोनपेठ,
१८ नोव्हेंबर २०२४

शंकऱ्या,

'प्रिय' लिहायला हात धजला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. या नावानं तुला आता कुणी हाक मारत नसेल. मी मात्र तुला 'गोदावीर' म्हणणार नाही. ज्याचा शेंबूड माझ्या फ्रॉकला पुसलेला आहे त्याला वीर म्हणण्याइतकं माझं डोकं अजून फिरलेलं नाही.

तुझ्या पराक्रमांच्या चित्रकथांचं सातवं पुस्तक वाचलं. बसस्टँडवरच्या पेपरवाल्यानं मुद्दाम बोलावून हातात दिलं. "घ्या बाई, ह्याच्यात तुमचंच चित्र हाय," म्हणाला आणि वर दात काढले.

तर ही जखडीण, म्हणजे मी. काळं लुगडं, लाल डोळे, वीतभर नखं. अरे, मेंढ्यांची धार काढणाऱ्या बाईला वीतभर नखं ठेवता येतील का? ज्यानं हे चित्र काढलं त्यानं बाई पाहिलेली नाही आणि मेंढीही पाहिलेली नाही. तू तर दोन्ही पाहिल्या होत्यास. छापायच्या आधी तुला दाखवत नाहीत, की दाखवलं तरी तू फक्त स्वतःचीच चित्रं बघतोस?

बाराव्या पानावर तू चुडाव्याच्या स्टेशनात दोन्ही हातांनी रेल्वे थांबवतोस. ती गाडी तिथं थांबतेच, शंकऱ्या. रोज थांबते. लोक पिशव्या घेऊन उतरतात आणि घरी जातात.

आपण दोघं एकाच मायीच्या पोटचे. तुला उडता येतं. मला धरता येतं, म्हणजे मनात आणलं त्या क्षणी समोर हलणारं सगळं जागच्या जागी खिळतं, वाहतं पाणी सोडून. तू सात वर्षांचा असताना लिंबाच्या शेंड्यावरून उडालास, तर अख्खी वस्ती गोळा झाली, आबांनी गूळ वाटला. त्याच आठवड्यात चुलीवरून कलंडलेलं दुधाचं पातेलं मी अधांतरी धरलं. माय म्हणाली, "नीट ठिवावं न्हाई का." झालं माझं कौतुक. जे सांडलंच नाही ते कुणाला दिसतंय! तुझं उडणं दोन कोसांवरून दिसतं, आणि लोक बघायला लागले की तू आणखी वर जातोस.

पण रडगाणं गायला पत्र लिहीत नाहीये. शेवटच्या पानावर छापलंय, 'पुढच्या भागात : जखडिणीची लेक!' आणि खाली दोन वेण्यांची मुलगी काढलीय, तिच्या डाव्या भुवईत खाच. ती खाच माझ्या दीपिकाची आहे. तीन वर्षांची असताना ती उखळावर पडली होती.

दीपिकाला पण धरता येतं. पंधरा ऑगस्टला शाळेच्या गच्चीवरून पहिलीतली एक पोर तोल जाऊन खाली आली. दीपिकानं तिला जमिनीपासून हातभर वर धरलं आणि अलगद खाली ठेवलं. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि फिरत फिरत ते तुझी पुस्तकं छापणाऱ्या कंपनीला मिळालं असणार. म्हणजे उडणाऱ्यानं जीव वाचवला की तो वीर आणि धरणारीनं वाचवला की ती राक्षसीण. हा कुठला हिशोब?

ती नऊ वर्षांची आहे. चौथीत आहे. मला काय काढायचं ते काढा, शिंगं काढा, पण ते पुस्तक निघता कामा नये. तुझ्याकडे चौदा वर्षांत मी काही मागितलं नाही. हे मागतेय.

नाही ऐकलंस तर गोदेच्या पात्रात त्या दिवशी काय झालं ते मी चारचौघांत सांगेन. तुझ्या पुस्तकात जखडीण बापाचा कळप चोरते आणि बाप तिच्या मागं पुरात उतरून बुडतो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. खरं काय ते तुझ्या कंपनीला वाचून दाखव. आपली मेंढरं पात्रातल्या उंचवट्यावर होती. वरून पाणी आलं, चारी बाजूंनी वाढायला लागलं. तू आलास आणि शहाण्यासारखा पहिल्यांदा म्होरक्या बोकडाला उचलून पलीकडच्या काठावर घेऊन गेलास. मेंढपाळाच्या पोटी जन्मून तुला एवढं कळलं नाही की म्होरक्या जिथं जाईल तिथं कळप जातो! सगळी मेंढरं त्याच्या मागं पाण्याकडं निघाली. पुढच्यांना वळवायला आबा पाण्यात उतरले. मी कळप धरला. आबा ओरडले, "बबे, सोडू नको!" आणि पाण्यानं त्यांना नेलं. तू तेव्हा पलीकडं बोकड कवेत घेऊन पुलावरच्या लोकांना फोटो काढू देत होतास. तोच फोटो तुझ्या पहिल्या पुस्तकावर आहे.

उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकून माहीत होते. तू आभाळातून हाकल्यास.

उत्तर पाठव.

बबिता


सोनपेठ,
२० डिसेंबर २०२४

शंकऱ्या,

तुझं उत्तर मिळालं. गुळगुळीत कार्ड, त्यावर तू ढगात हात कमरेवर ठेवून उभा. मागं छापलंय, 'प्रिय बालमित्रा, तुझं पत्र वाचून आनंद झाला. रोज दूध पी, आईवडिलांचं ऐक आणि वाईटाशी लढ. तुझा गोदावीर.' खाली सहीसुद्धा छापलेली.

दूध मी पिते. आईचं ऐकते, ती माझ्याजवळच राहते. वडिलांचं ऐकायची सोय राहिली नाही. राहिलं वाईटाशी लढणं, म्हणून हे दुसरं पत्र. या वेळी पाकिटावर लाल पेनानं 'घरगुती' लिहिलंय. ज्याच्या हाती पत्रं फोडायचं काम असेल त्यानं हे दोनदा वाचून मग त्याला द्यावं.

दीपिकानं शाळा सोडलीय. शाळेतल्या पोरी आता पकडापकडी खेळत नाहीत, 'जखडजखड' खेळतात. त्यात राज्य कायम हिच्यावर. कुणी पळता पळता पडली तरी "हिनंच धरलं" म्हणून ओरडतात. घरात ती हात पाठीमागं बांधून फिरते, ताट घ्यायला पुढं करत नाही. परवा जेवताना मला विचारलं, "मम्मी, पुस्तकात शेवटी मामा मला मारणार का?"

मी म्हणाले, मामाला फुरसत नाही.

तिचे पप्पा मेंढरं घेऊन गंगाखेडच्या बाजूला गेलेत, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे दिवस आहेत. फोनवर म्हणाले, "आपण दुसऱ्या गावाला जाऊ." दुसऱ्या गावाला काय बसस्टँड नसतात?

तिचे सिद्धोधन सर घरी येऊन गेले. पायरीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, पोरीला घरी ठेवू नका. घरी ठेवली की त्यांचंच खरं होतंय. आणि एक सांगू का, ती ज्या पोरीला धरली ना, तिच्या भवतीनं पन्नास लेकरं पळायली होती. त्यातलं एक बी थांबलं न्हाई. फक्त पडणारी थांबली. मी पाहिलंय."

मी त्यांना दुसरा कप आणायला म्हणून आत गेले आणि चुलीपुढं थोडा वेळ बसून राहिले. ते का, हे तुला सांगायची गरज नाही.

मायीला तुझं कार्ड दाखवलं. तिनं चष्मा लावून पाहिलं. "लय वाळलाय," म्हणाली. तुझे ते रंगवून फुगवलेले दंड तिला दिसलेच नाहीत. तिला तुझं काहीही चालतं. कार्ड तिनं देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी लावलं, मी काढून पिठाच्या डब्याखाली ठेवलं, आज सकाळी ते परत देव्हाऱ्यात होतं.

भेटायचं असेल तर देवगाव फाट्यावर ये. सोनपेठला येऊ नकोस. इथं पोरं तुझ्या मागं पळतील आणि ते मला बघवणार नाही.

बबिता


सोनपेठ,
१३ जानेवारी २०२५

शंकर,

काल फाट्यावरच्या हॉटेलात जे बोलता आलं नाही ते लिहितेय. तिथं भजी तळणारा माणूस कान देऊन होता, आणि तू तर माझ्याकडं न बघता पाण्याच्या बाटलीचं बूच फिरवत होतास.

मी दोन गाड्या बदलून आले आणि तू काळ्या काचांच्या गाडीतून. डोक्याला टोपी, डोळ्याला चष्मा, "कुणी वळखू नये म्हणून." कुणी ढुंकूनही पाहिलं नाही तुझ्याकडं. कमरेला पट्टा बांधलाय तुझ्या, उठताना टेबलाला धरावं लागतं. आभाळातला माणूस आणि लाकडी बाकड्यावर नीट बसता येईना. मला हसू आलं होतं. ते मी लपवलं नाही.

तू म्हणालास, "आक्का, पुस्तक माझ्या हातात न्हाई. नाव माझं, बाकी सगळं त्यांचं."

"मग तू कशाला हायस तिथं?"

"उडायला."

याच्यापेक्षा आपला बोकड बरा होता. त्याच्या मागं कळप तरी होता.

मग तू घसा साफ केलास. पुढच्या भागाला कंपनीला मोठं काहीतरी पाहिजे, दीपिकापेक्षा मोठं मिळालं तर ते तिला सोडतील, असं म्हणालास. काय मोठं, ते बोलला नाहीस. तुझी हिंमत कधीच नव्हती. उंचावर जाणं आणि हिंमत असणं यात फार फरक आहे, हे त्या चित्रकाराला सांग.

निघताना मी विचारलं, "कळप चोरायची गोष्ट कुणाच्या डोक्यातली?"

"माझ्या."

"लाज वाटली न्हाई? सख्ख्या बहिणीला चोर केलंस."

तू टोपी काढलीस. केस पांढरे झालेत तुझे. म्हणालास, "चोरी परवडली, आक्का."

आणि गाडीत बसून गेलास. उडून गेला असतास तर मी तुला शिव्या दिल्या असत्या. गाडी धुरळा उडवत गेली आणि मी फाट्यावर उभी राहिले. परभणीची एक गाडी आली, गेली. चढायचं माझ्या लक्षात आलं नाही.

चोरी परवडली. म्हणजे तू पाहिलं होतंस. अर्थात पाहिलं होतंस, तू तिथंच तर होतास! चौदा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की तू पलीकडच्या काठावर फोटो काढून घेत होतास. घेतलास, एक घेतलास. मग बोकड टाकून तू परत आलास. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मायीला नाही, दीपिकाच्या पप्पांना नाही. पहिल्या पत्रात तुलासुद्धा खोटंच लिहिलं, आणि तू ते वाचलंसही असशील.

आता खरं लिहिते. आबा काही ओरडले नव्हते. खिळलेला माणूस ओरडत नाही. माझी पकड दीपिकासारखी निवडून धरत नाही. कळप धरला तेव्हा कळपाच्या पुढं छातीभर पाण्यात उतरलेले आबा पण धरले गेले. मेंढरं उंचवट्यावर होती. आबा खाली होते. पाणी चढत होतं.

तू आलास, आबांच्या काखेत हात घालून वर ओढायला लागलास. मी धरलेलं कुणाला हलत नाही, तुला तरी कुठून हलणार. तू ओरडलास, "आक्का, सोड! आक्का, सोड!" मला ऐकू येत होतं. मला सगळं कळत होतं. सोडलं तर सगळी मेंढरं बोकडामागं पाण्यात जाणार होती, आणि मेंढरांशिवाय आपलं काय होतं? मी मनात म्हणत होते, अजून थोडं, पाणी आता थांबेल. पाणी थांबलं नाही.

मी सोडलं तेव्हा तुझ्या हातात त्यांचं धोतर आलं.

तुझा तो शहाणपणा नसता तर हे झालंच नसतं, हे मी मरेपर्यंत म्हणत राहीन. तो मूर्खपणा तुझाच. पण त्याच्यानंतरचं माझं आहे.

बबिता


सोनपेठ,
६ फेब्रुवारी २०२५

शंकर,

तुझा फोन आला त्याच दिवशी मी मायीला सांगितलं. आबांचं खरं छापायला कंपनी तयार झाली, पुस्तकातून दीपिका जाणार आणि तिच्या जागी आबा येणार. तर छापून यायच्या आधी मायीला माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं.

ती अंगणात कोकरांना पाला टाकत होती. मी सगळं सांगितलं, तुझं ओढणं, तुझं ओरडणं, माझं न सोडणं. पाला टाकून झाल्यावर तिनं विचारलं, "मेंढरं किती वाचली व्हती?"

"शंभराच्या वर."

"त्याच्यावरच तुझं लगीन झालं," म्हणाली. "शंकरची फी बी त्याच्यातूनच गेली. आमी सगळ्यायनी खाल्लं ते."

मग आत जाऊन तिनं दोन लुगडी पिशवीत भरली. तुझं ते कार्ड पण घेतलं. मी बसस्टँडपर्यंत मागं मागं गेले. चुडाव्याला मावशीकडं चाललीय एवढंच म्हणाली. गाडीत खिडकीशी बसली, पण खिडकीतून बघितलं नाही. पंधरा दिवस झाले. मावशीचा फोन येतो, तिचा येत नाही. ती परत येईल की नाही मला माहीत नाही, आणि यावं असं म्हणायला मला तोंड नाही.

आता कंपनीनं पाठवलेल्या संमतीच्या कागदाचं. सही करून सोबत पाठवतेय, पण सहीच्या वर माझ्या हातानं काही लिहिलंय, ते मान्य असलं तरच ती सही धरायची. तू बोकड उचलतोस ती चौकट सगळ्यात आधी आली पाहिजे. तुझ्या पहिल्या पुस्तकावर तो फोटो आहेच, फक्त या वेळी मागची मेंढरं पण दाखवा. ती वगळली तर बाकीचं काहीच खरं ठरत नाही. आणि तू परत येऊन आबांना ओढलंस, त्याचंही चित्र काढायचं. तुझ्या लोकांना आवडणार नाही, कारण त्यात तू हरतोस. वीर हरला की पुस्तक खपत नाही म्हणे. हरू दे. सात पुस्तकं निघाली, पण तू केलेलं तेवढंच एक काम माझ्या मनाला पटलंय आणि तेच तू कुणाला दाखवलं नाहीस. मूर्ख तो मूर्खच.

मला काळं लुगडं घाला, नखं घाला, माझी तक्रार नाही. न सोडणारी बाई कशी दिसते ते त्यांनी ठरवावं. पण दीपिका कुठंच नको. नाव नको, वेण्या नकोत, भुवई नको, आठव्या भागात नको आणि ऐंशीव्यात नको.

चित्रकार आबांचा चेहरा विचारेल. मी त्यांच्या मागं होते, मी पाठच पाहिली. चेहरा तू पाहिलास. काढू द्यायचा की नाही ते तू ठरव, आणि या एका गोष्टीत तरी कंपनीला विचारू नकोस.

दीपिकाला पण मी सगळं सांगितलं. ऐकून ती माझ्यापासून दूर जाऊन भिंतीशी झोपली. दोन रात्री तशीच झोपली. तिसऱ्या दिवशी स्वतःच दप्तर भरलं आणि सोमवारी शाळेत गेली. सिद्धोधन सरांनी संध्याकाळी येऊन सांगितलं. पोरींनी तिला घेरून विचारलं, जखडीण खरंच तुझी आई हाय का? ती म्हणाली, "हाय. माझ्या आजोबाला तिनंच धरून ठिवलं व्हतं. पुस्तकात येणार हाय ते. मी न्हाई त्याच्यात." आणि खाली बसून पाढे लिहायला लागली.

बबिता